बटन दाबल्यावर नक्की अडतं कुठे?

सुरतच्या लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं भरपूर आहेत. आधीची पिढी लूमवर उभी राहिली. पुढच्या पिढीतले बरेच जण आता कॉम्प्युटरसमोर बसतात. कोणी साडीची डिझाइन रंगवतो, कोणी एम्ब्रॉयडरी मशीनसाठी पंचिंग करतो, कोणी दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतो. घरातला हा कॉम्प्युटर बहुधा असेंबल केलेला असतो. मजुरा गेटच्या आसपासच्या दुकानातून घेतलेला बोर्ड, मित्राने स्वस्तात दिलेला प्रोसेसर, ऑनलाइन मागवलेली रॅम आणि जुन्या मशीनमधून काढलेली हार्ड डिस्क, असं जमवून घरीच स्क्रू आवळलेले असतात. सुरुवातीला मशीन झकास चालतं. मग कधीतरी लक्षात येतं, की बटन दाबून आंघोळ उरकून आलो तरी डेस्कटॉप आलेला नाही.

यावर सगळीकडे एकच औषध मिळतं: ‘फॉरमॅट मारी दो.’ दुकानदार गुजरातीत सांगतो, मित्र मराठीत सांगतो, औषध तेच. फॉरमॅटने कधीकधी खरोखर फरक पडतो, नाही असं नाही. पण विंडोज सुरू होण्याच्या आधीच मशीन चाळीस सेकंद अडत असेल, तर विंडोज दहा वेळा नव्याने टाकून त्या चाळिसातला एक सेकंदही कमी होणार नाही. लूम थांबला की मास्तर आधी ताणा तुटलाय की बाणा ते बघतो. तो बघून झाल्याशिवाय कोणी लूम खोलायला घेत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण थेट खोलायलाच घेतो.

बटन दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंतच्या वेळाचे तीन तुकडे पडतात. पहिला बोर्डाचा: वीज स्थिर होणं, प्रोसेसर जागा होणं, रॅम, ग्राफिक्स, डिस्क यांची हजेरी. दुसरा विंडोजचा: डिस्कवरून गाभा आणि ड्रायव्हर रॅममध्ये येणं. या वेळी पडद्यावर ठिपके गोल फिरत असतात. तिसरा तुकडा पासवर्ड टाकल्यानंतरचा. डेस्कटॉप दिसतो, पण काही उघडायला गेलं की माउसचं वर्तुळ फिरत राहतं. तक्रार ‘स्लो चालू होतो’ अशी एकच असली तरी या तीन तुकड्यांचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. बटन दाबल्यापासून ठिपके फिरू लागेपर्यंत किती, तिथून पासवर्डच्या पडद्यापर्यंत किती, आणि पासवर्डपासून तुमचं रोजचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत किती, हे तीन आकडे कागदावर लिहा. पहिल्या आकड्याची पडताळणी विंडोजमध्येच होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या पानावर जा. तिथे कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असं लिहून पुढे सेकंद दिलेले असतात. मशीन जुन्या लेगसी पद्धतीने चालू होत असेल तर हा आकडा मिळत नाही. तेव्हा स्टॉपवॉचवरच भिस्त. साधारण पाच ते पंधरा सेकंद असतील तर बोर्डाकडे बोट दाखवायचं कारण नाही. तीसच्या पुढे गेला तर विंडोजला हात लावण्याची गरज नाही, दोष त्याच्या अलीकडे आहे.

मोजताना एक चकवा आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय येते. ती चालू असली की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे होते तसे डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. रोज रात्री मशीन बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो तो यामुळे. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने उभं राहतं. तेव्हा मोजणी दोन्ही प्रकारांनी करा. रिस्टार्टला वेळ ठीक येतो आणि सकाळी मात्र ठिपके फिरत राहतात, असं असेल तर त्या जपून ठेवलेल्या फाइलमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये गडबड आहे. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केलं तर त्या एका वेळेपुरती ही सोय बाजूला राहते. चाचणीला तेवढं पुरतं.

आता बोर्डाचा तुकडा. इथे जरा रेंगाळू, कारण घरी जोडलेल्या मशीनचे खास आजार इथेच असतात.

बटन दाबल्यावर वीज पुरवणारा एसएमपीएस आपले व्होल्टेज स्थिर करतो आणि साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत बोर्डाला ‘सगळं ठीक’ असा संकेत देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर हलत नाही. बटन दोन-तीनदा दाबावं लागतं, पंखे फिरून थांबतात आणि पुन्हा फिरतात, अशी लक्षणं असतील तर कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर संशय घ्यायला हरकत नाही. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ एवढीच मुभा असते. बायोसच्या, म्हणजे चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबल्यावर उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या, हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर हा आकडा अंदाजे दिसतो. एसएमपीएसचं डबडं उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल एवढा भार राहू शकतो. संशय असेल तर मित्राच्या मशीनमधला चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघावा, हे सगळ्यांत सरळ. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंगचं दुखणं आहे. कॉम्प्युटर बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.

पुढची पायरी रॅमची, आणि सर्वांत जास्त गैरसमज हिच्याबद्दल. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले संकेत इतक्या वेगाने धावतात, की बोर्डाला प्रत्येक तारेची वेळ बारकाईने जुळवून घ्यावी लागते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ रॅममध्ये हे काम जास्त किचकट झालं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर आणि त्यांचे एएम५ बोर्ड आले, तेव्हा नवीन मशीन जोडून बटन दाबलं की काही मिनिटं पडदा काळाच राहायचा. बोर्ड गेला असं समजून लोक तो परत करायला निघायचे, आणि आत बिचारा रॅमची वेळ जुळवत बसलेला असायचा. नवीन जोडणीनंतर, रॅम बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर पहिल्यांदा असं होणं स्वाभाविक आहे. दहा मिनिटं तरी हात मागे ठेवा. मात्र हे रोज होत असेल तर बायोसमध्ये ‘मेमरी काँटेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय शोधा. तो चालू केला की एकदा जुळवलेली वेळ जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच वापरली जाते. पर्याय चालू केल्यावर मशीन अधूनमधून निळ्या पडद्यावर जाऊ लागलं, तर बायोसची नवी आवृत्ती टाकून बघावी, नाहीतर तो पुन्हा बंद करावा. थोडा उशीर परवडतो, अर्धवट पंच केलेलं डिझाइन उडालेलं परवडत नाही.

जुन्या डीडीआर३, डीडीआर४ मशीनवर रॅमचा त्रास वेगळ्या रूपात येतो. मशीन चालू होतं, दोन सेकंदांत बंद पडतं, पुन्हा चालू होतं, आणि मग कुठे पडदा उजळतो. बोर्डाने एक वेग लावून पाहिलेला असतो, तो जमला नाही म्हणून तो पायरी उतरलेला असतो. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारा एक्सएमपी प्रोफाइल चालू असेल तर एकदा बंद करून बघा. वेगवेगळ्या कंपनीच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून मोजा. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं.

खोडरबरचा उपायही सांगायला हवा, कारण सुरतेत तो हटकून चालतो. समुद्र जवळ, तापी उशाशी, पावसाळ्यात हवेला ओल. रॅमच्या सोनेरी दातांवर बारीक थर चढतो आणि संपर्क कच्चा होतो. पट्टी काढून पांढऱ्या खोडरबरने दात हलकेच पुसले की तो थर निघतो, शिवाय पट्टी काढून घालण्यानेच खाचेतला संपर्क ताजा होतो. मशीनचा प्लग काढलेला असावा, आणि रबराचा भुगा खाचेत पडता कामा नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर कापडावर घेऊन त्याने पुसणं जास्त चांगलं. पण दर पंधरा दिवसांनी हा उपाय करावा लागत असेल तर खाचच सैल झाली आहे.

आजकालच्या बऱ्याच बोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू होताना ते क्रमाने लागतात आणि विझतात. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून एकदा फक्त बघत बसा. ज्या दिव्याशी मशीन रेंगाळतं त्याच भागाची चौकशी करायची. याहून स्वस्त तपासणी नाही, आणि तरी क्वचितच कोणी ती करतं.

मग बोर्डावरचा नाण्याएवढा सेल. त्याचं नाव सीआर२०३२, व्होल्टेज ३. बायोसचं घड्याळ तो चालवतो आणि बऱ्याच बोर्डांवर सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतं. गंमत अशी, की भिंतीवरचं बटन चालू असतं तेव्हा हे काम एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं आणि सेलला विश्रांती असते. आपल्याकडे रात्री ते भिंतीवरचं बटन बंद करण्याची चांगली सवय आहे, त्यामुळे रात्रभर भार सेलवर येतो. सेल दमलेला असेल तर दिवसभर रिस्टार्ट कितीही वेळा केलं तरी सगळं ठीक, आणि सकाळी मात्र तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, पडद्यावर ‘एफ१ दाबा’, ब्राउझर म्हणतो घड्याळ चुकलंय, बोर्ड सगळं नव्याने तपासत बसलेला. फक्त सकाळी, आणि तेही ठिपक्यांच्या आधीच रखडणाऱ्या मशीनमध्ये सेल आधी बदला. मल्टीमीटरवर २.८ व्होल्टच्या आसपास किंवा खाली आला असेल तर त्याचे दिवस भरलेत. एक सावधगिरी: सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जातात. डिस्कचा मोड आधी एएचसीआय होता आणि आता बदलला, तर विंडोज निळा पडदा दाखवेल. म्हणून सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की सुद्धा आधी लिहून ठेवा.

यापुढे बोर्ड विचारतो, विंडोज कुठून उचलू? बूटच्या यादीत सर्वांत वर ‘विंडोज बूट मॅनेजर’ हवा. वर नेटवर्क बूट असेल तर बोर्ड केबलवरून उत्तर येण्याची वाट बघत बसतो आणि उत्तर न आल्यावर खाली उतरतो. वर यूएसबी असेल तर लावलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह चाळतो. पंचिंग करणाऱ्यांच्या मशीनला मागे एक डोंगल, एक कार्ड रीडर, एक प्रिंटर, एक स्वस्तातला यूएसबी हब आणि मोबाइलची वायर असा गोतावळा असतोच. त्यातलं एखादं यंत्र उत्तर द्यायला चुकत असेल तर सगळे खोळंबतात. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून सगळं काढा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला तर एकेक परत लावत दोषी गाठा.

आणि जुनी हार्ड डिस्क. हा मुद्दा लोकांना पटत नाही: विंडोज नव्या एसएसडीवर आहे, मग डी ड्राइव्हच्या जुन्या डिस्कमुळे चालू व्हायला वेळ का लागेल? कारण बोर्ड आणि विंडोज दोघेही चालू होताना जोडलेल्या प्रत्येक डिस्कला हाक मारतात. आत खराब सेक्टर झालेली डिस्क त्या हाकेला सावकाश ओ देते. मशीन बंद करून त्या डिस्कची साटा केबल काढा आणि मोजा. खूप फरक पडला तर आजारी तीच, आणि तुमची वर्षानुवर्षांची डिझाइनं तिच्यातच आहेत. डिझाइनच्या त्या ईएमबी आणि डीएसटी फाइली आधी दुसरीकडे उतरवा. दुरुस्तीचा विचार नंतर. ‘चेक डिस्क’ची लांबलचक तपासणी मरायला टेकलेल्या डिस्कवर आधी चालवली तर तिचा उरलेला जीव त्यातच जातो.

सुरतेचा म्हणून आणखी एक आजार आहे, धाग्यांच्या तुसाचा. लूमच्या खात्याच्या वर किंवा शेजारी घर असलं की प्रोसेसरच्या हीटसिंकवर आणि पंख्याच्या आत तुसाची चादरच बसते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मग चालू होण्यापासून सगळंच मंद होतं. ओळखायला सोपं: चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये शिरा आणि तापमान बघत पाच मिनिटं बसा. ३५ ते ५० अंशांवर स्थिरावलं तर ठीक. चढतच राहून ८० कडे गेलं तर एकतर तूस, नाहीतर हीटसिंकची एखादी प्लॅस्टिकची खिट्टी निसटली आहे, किंवा पेस्ट वाळली आहे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग बिघडू शकतं.

बोर्डाचा आकडा ठीक आहे आणि ठिपकेच फिरत राहतात, तर डिस्ककडे या. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. हवा असलेला तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय डोकं हलायला वेळ लागतो तो वेगळा. हिशेब केला तर सेकंदाला ऐंशी-शंभरच इकडचे तिकडचे तुकडे वाचता येतात. विंडोजला सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे लागतात. साध्या साटा एसएसडीला हेच काम सेकंदाला हजारोंनी करता येतं. म्हणून विंडोज अजून फिरत्या डिस्कवर असेल तर बाकीचं सगळं वाचून सोडून द्या आणि एसएसडी घ्या. २०११ चा एच६१ चिपसेटचा बोर्ड असला, ज्यावर साटाचा वेग अर्धाच मिळतो, तरीही फरक डोळ्यांना दिसतो. साटाकडून एनव्हीएमईकडे जाण्याने मात्र सुरू होण्याच्या वेळेत दोन-चार सेकंदच वाचतात. तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका.

एसएसडी असूनही ठिपके रेंगाळत असतील तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावा. सोबत हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तिच्यासाठी ०५ आणि सी५ या ओळी बघायच्या, म्हणजे बाद झालेले आणि बाद होण्याच्या वाटेवरचे सेक्टर. सी७ ही ओळ डिस्कची नसून केबलची. तो आकडा आठवड्याभरात वाढत असेल तर दोष साटा केबलचा, आणि ती डिस्कच्या मानाने अगदीच स्वस्त. एसएसडी गच्च भरलेली असली तरी ती मंदावते. १२० जीबीच्या एसएसडीवर दहा-पंधरा टक्के जागा तरी मोकळी ठेवावी.

आकड्यांत अजून खोल जायचं असेल तर विंडोज स्वतःच डायरी लिहीत असतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडून मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत शिरा. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. १०१, १०२ आणि १०३ या नोंदी अनुक्रमे कोणत्या प्रोग्रॅमने, ड्रायव्हरने, सर्व्हिसने उशीर केला ते नावानिशी सांगतात. फॉरमॅटची खरी वेळ इथे ठरते: डिस्क ठणठणीत आहे, केबल बदलून झाली, आणि डायरीत तरीही दर खेपेला नवीनच कोणीतरी दोषी दिसतो, तेव्हा. त्याआधी डोंगलचा ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरची की हाताशी आहे ना, ते बघून घ्या.

तिसऱ्या तुकड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टास्क मॅनेजरच्या त्याच स्टार्टअप पानावर, ज्याची सुरू होतानाच गरज नाही ते सगळं ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम त्याने निघून जात नाही, बोलावल्याशिवाय येत नाही इतकंच. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एक काढा. व्हिडिओंमध्ये सांगितले जाणारे दोन उपाय मात्र करू नका. एक, एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या निवडणं. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं, ती खूण चाचणीसाठी कोअर कमी करायला दिलेली आहे. दुसरा, रनमध्ये प्रीफेच टाइप करून तिथल्या फाइली उडवणं. त्या फाइलींत कोणता प्रोग्रॅम उघडताना काय लागतं याची टिपणं असतात. ती उडवली तर विंडोजला ती पुन्हा लिहावी लागतात आणि पुढच्या काही खेपा उलट मंद जातात.

प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर तिन्ही आकडे पुन्हा लिहा. रॅम पुसली, सेल बदलला, बूटची यादी हलवली आणि स्टार्टअपही साफ केलं, असं एका दमात उरकलं तर मशीन सुधारेलही, पण कशाने ते कळणार नाही आणि महिन्याभराने तोच त्रास परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटचे तीन आकडे तारखेसह चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या बाजूच्या पट्टीला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी ती पट्टी जो उघडेल, तुम्ही किंवा दुकानातला पोरगा, त्याला कोणता तुकडा वाढलाय ते लगेच कळेल.